गुळाचा भाव छापता, तसा मचॅम्पचापण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मोबाइल गेमवर अर्धं पान आलं होतं, ते वाचून हे पत्र लिहितोय, म्हणजे लिहितोय कसलं, गोठ्यात बसून मोबाइलवर टाइप करतोय, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या माणसांनी बघून घ्यावं. त्या पानात पोरं गेमात पैसे कसे घालवतात ते आलं, डोळ्यांचं काय होतं ते आलं, मानेचं आलं, आणि खाली चौकटीत पोकेमॉन दमदार कसा करायचा म्हणून चार ओळी होत्या, त्यात लिहिलंय की आवडता पोकेमॉन निवडा आणि त्याला लेव्हल ५० पर्यंत न्या. न्या म्हणे! कुणाच्या जिवावर? खर्च किती येतो ते एका शब्दानं नाय. हे म्हणजे चांगली म्हैस घ्या, तिला पोटभर खायला घाला, झाला तुमचा दुधाचा धंदा, असं सांगितल्यासारखं झालं. आमच्यात असं कोण बोललं तर त्याला चहा पाजून वाटेला लावतात.

मी गंगावेशजवळचा. घरात सहा म्हशी, चार पंढरपुरी आणि दोन मुऱ्हा, आज्ज्यापासूनचा धंदा. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभा असतो, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा, बाहेरगावची माणसं त्याचे फोटो काढतात ते तुमच्या पेपरातपण येतात कधी कधी. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि कॉलेज सुटलं, हिशोब काय सुटला नाय. वय ३९, आणि पोकेमॉन गो खेळतो, म्हणजे मोबाइल घेऊन फिरायचं आणि स्क्रीनवर दिसणारे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे. हसा खुशाल, घरात सगळेच हसतात. गेम जगात २०१६ च्या जुलैत आला, आपल्याकडं रीतसर आला डिसेंबरात, जिओबरोबर त्यांचं ठरलं आणि जिओची दुकानं पोकेस्टॉप आणि जिम झाली, म्हणजे गेममधलं सामान घ्यायची आणि लढायची ठिकाणं. नोटाबंदीचे दिवस, लोक एटीएमच्या रांगेत उभे आणि मी शेजारच्या दुकानासमोर मोबाइल फिरवत उभा, एका आजोबांनी मला विचारलं की इथं पण पैसे मिळतात का. भाचा तेव्हा बालवाडीत होता, माझ्या खांद्यावर बसून बोट लावायचा, आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त अक्कल शिकवतो.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि तुमच्या त्या चौकटवाल्यासाठीपण. पोकेमॉन पकडला की तो जसा असेल तसा येतो, त्याला वाढवायला दोन गोष्टी लागतात, एक स्टारडस्ट म्हणजे धूळ आणि दुसरी कँडी. धूळ सगळ्यांची एकच, कुठलाही प्राणी पकडा धूळ एकाच डब्यात पडते आणि कुणालाही घालता येते. कँडी ज्याच्या त्याच्या जातीची, मचॉप वाढून मचोक होतो आणि मचोकचा मचॅम्प, त्या तिघांची कँडी एकच, पण ती दुसऱ्या जातीच्या मॅजिकार्पला चालत नाय. आमच्या भाषेत धूळ म्हणजे कडबा, दावणीला कुणीपण उभी असू दे, टाकला की खाणारच, आणि कँडी म्हणजे रेडकाचं दूध, ज्याच्या आईचं त्यानंच प्यायचं. इथंच निम्मी पोरं फसतात, त्यांचं सगळं लक्ष कँडीवर, कारण ती कमी दिसते, पण खरा खड्डा पडतो धुळीत. धूळ एका ठिकाणी ओतली की दुसऱ्या पन्नास ठिकाणची गेली. आणि धुळीचं रेटकार्ड सगळ्यांना एकच आहे, चार हातांचा मचॅम्प असू दे नायतर रानातलं पाखरू, त्याच लेव्हलला तोच रेट.

तर रेट ऐका. एका पॉवर अपला, म्हणजे वाढवायचं बटण एकदा दाबलं की, अर्धी लेव्हल वाढते, पूर्ण नाय, हे पहिलं डोक्यात ठेवा. रेडमध्ये, म्हणजे एका मोठ्या पोकेमॉनशी सगळ्यांनी मिळून करायच्या लढाईत, पकडलेला पोकेमॉन लेव्हल २० चा असतो. तिथं एका पॉवर अपला २५०० धूळ आणि २ कँडी मागतो, कुणाला वाटतं स्वस्त आहे. २० पासून ३० पर्यंत नेला की एकूण ७५ हजार धूळ आणि ६६ कँडी जातात. ३० पासून ४० पर्यंत १ लाख ५० हजार धूळ, १८२ कँडी. आणि ४० पासून ५० पर्यंत, जे तुमच्या चौकटीत एका ओळीत लिहून मोकळे झाले, तिथं २ लाख ५० हजार धूळ आणि वर २९६ एक्सएल कँडी. ही एक्सएल कँडी वेगळीच जात, २०२० च्या शेवटी शेवटी आली, साध्या १०० कँडीची १ एक्सएल होते, म्हणजे कुणी म्हणालं की मी साध्या कँडीच बदलून घेणार तर त्याला २९,६०० कँडी पाहिजेत. बोंबला.

बरं एवढं घालून मिळतं काय? लेव्हल २० ते ३० मध्ये पोकेमॉनची ताकद, म्हणजे अटॅक, डिफेन्स आणि एचपी म्हणजे जीव, तिन्ही साधारण २२ टक्क्यांनी वाढतात. ३० ते ४० मध्ये ८ टक्के. ४० ते ५० मध्ये ६ टक्के. पुन्हा एकदा वाचा, ७५ हजारात २२, दीड लाखात ८, अडीच लाखात ६. शेवटची ३९ ते ४० ची जी एक लेव्हल आहे तिला २० हजार धूळ, ३० कँडी आणि ताकद वाढते एक टक्क्यालाबी कमी. स्क्रीनवर सीपीचा, म्हणजे एकूण ताकदीचा, आकडा मात्र छान फुगतो, कारण सीपी त्या हिशोबात दुप्पट वेगानं पळतो, शंभर टक्के आयव्हीचा, म्हणजे अंगचे गुण पुरेपूर असलेला मचॅम्प २० ला १७४६, ३० ला २६०० च्या वर, ४० ला ३०५६, म्हणून पोरांना वाटतं लई वाढला.

माझे वडील, आबा, त्यांना यातलं काही कळत नाय पण हा आकडा मी त्यांना सांगितला तेव्हा म्हणाले, "मग ही पेंडच की रं." बरोबर पकडलं त्यांनी. म्हैस व्यायली की सुरवातीला सरकी पेंड दोन किलोची तीन किलो केली की लगेच दूध बोलतं, कासंत दिसतं. तीनची चार केली की थोडं बोलतं. पुढं चाराची सहा करा, आठ करा, दूध तिथंच आणि शेण तेवढं वाढतं. गावात हौशी माणसं असतात, एकाच म्हशीला घासून पुसून, शिंगं रंगवून, दिवाळी पाडव्याच्या सगराला, म्हणजे म्हशींच्या मिरवणुकीला, तयार करतात, तिच्या खाण्यावर बाकीच्या तिघींचा खुराक जातो. हौस आहे, मी नाव ठेवत नाय, आमचीपण एक म्हैस दरवर्षी सगराला जाते, पण तिच्या जिवावर दुधाची बिलं भागत नाहीत हे घरातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं. गेममध्ये तेच माणूस विसरतं.

आता मी कसा विसरलो ते सांगतो, नायतर वाटेल लई शहाणा लागून गेला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मचॅम्पवर माझा जीव. कोल्हापूरचा माणूस, चार हाताचा पैलवान बघितला की दुसरं काय आवडणार. पहाटे साडेतीनला जाग आली, धारेला अजून अर्धा तास होता, डब्यात २ लाख ३१ हजार धूळ दिसली, मचॉपची कँडी अडीचशेच्या वर. बादली पालथी घातली, त्यावर बसलो आणि मचॅम्पला सुरू केलं. एक पॉवर अप, दुसरं, तिसरं, प्रत्येक वेळी तो चमकतो, सीपी वर जातो, एकदा बोट चालू झालं की थांबत नाय हो, ३० ला थांबायचं ठरवलं होतं, ३० ला आलो तेव्हा वाटलं अजून थोडं, ३५ ला वाटलं आता काय राहिलं. म्हशी माझ्याकडं बघत उभ्या, मी स्क्रीनकडं. लेव्हल ४० झाली तेव्हा डब्यात उरली ६ हजार धूळ.

सकाळी दूध घालून आलो आणि भाच्याला दाखवलं. तो तेव्हा सहावीत. त्यानं मोबाइल हातात घेतला, मचॅम्प बघितला, काही बोलला नाही, मग खाली खाली सरकवत गेला आणि तळाला एक मचॉप काढून माझ्यापुढं धरला, सीपी सातशेच्या आसपास, मागं सोनेरी चमक. लकी. राजारामपुरीतल्या एका दोस्ताबरोबर अदलाबदल केली होती त्यात आलेला, त्याचं त्याला मिळालं माझं मला मिळालं, आणि मी सीपीप्रमाणं यादी लावून बघणारा माणूस, तळाला पडलेला कधी बघितलाच नाय. लकी पोकेमॉनला धूळ निम्मी लागते. तोपण लेव्हल २० चाच होता, त्याला ४० ला न्यायला २ लाख २५ हजाराच्या जागी १ लाख १२ हजार ५०० लागले असते. वर आणखी गंमत अशी की मचोकची अदलाबदल केली की त्याचा मचॅम्प करायला १०० कँडी लागायच्या त्या पण लागत नाहीत, हे मला माहीत होतं, माहीत असून मी कधी विचार केला नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, निम्मी धूळ शेणात गेली की ओ."

धुळीचं सोडा, ती परत येते. कँडीचं काय? २४८ मचॉप कँडी गेल्या त्या पहिल्यावर, लकी सोन्यासारखा असून त्याला घालायला तेव्हा काही उरलं नाय. मचॉपला बडी, म्हणजे सोबती, करून चाललं तर ३ किलोमीटरला १ कँडी मिळते, म्हणजे २४८ कँडीला ७४४ किलोमीटर, कोल्हापूर ते मुंबई चालत जाऊन चालत परत यायचं जवळजवळ. अर्थात पकडून पण मिळतात, रानात मचॉप सापडला की ३, पिनॅप बेरी नावाचं फळ घातलं की ६, सोडून दिला की अजून १, पण सापडला पाहिजे ना, तो काय रंकाळ्यावर आमची वाट बघत बसत नाय.

त्या दिवशी आबांची जुनी पेंडीची वही काढली, अर्धी कोरी होती, त्यात उरलेल्या पानांवर आम्ही धुळीचा हिशोब मांडायला लागलो. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, अगदी तसंच, आणि एक नियम की बटण दाबायच्या आधी वहीत आकडा लिहायचा, नंतर नाय. जमा म्हणजे काय तर साधा पोकेमॉन पकडला की १०० धूळ, वाढलेला असला की ३००, त्याच्या पुढचा ५००. हवामान जुळलं की पाव हिस्सा जादा, १०० चे १२५. ट्रबिश म्हणून कचऱ्याच्या पिशवीसारखा एक येतो, त्याला ७५० मिळतात, भाचा लांबून बघितला तरी पळतो. रंकाळ्याला एक फेरी मारली की आमचे साधारण ४५ पकडून होतात, म्हणजे एका फेरीची कमाई साडेचार हजार धरा. त्या हिशोबानं माझी ती पहाट, अर्ध्या तासाची, बादलीवर बसून केलेली, ती रंकाळ्याच्या ५० फेऱ्यांची होती. हे वहीत लिहिलं तेव्हा पहिल्यांदा पोटात कालवलं.

स्टार पीस म्हणून एक वस्तू असते, ती लावली की अर्धा तास दीडपट धूळ. मंगळवारी संध्याकाळी ६ ते ७ स्पॉटलाइट अवर असतो, एकच पोकेमॉन सगळीकडं उगवतो, आणि काही मंगळवारी पकडायची धूळ दुप्पट असते, त्यात स्टार पीस लावला की १०० चे थेट ३००. पण संपादक साहेब, संध्याकाळी सहा ही धारेची वेळ. मी एकदा पाच वाजताच धार काढायला बसलो. म्हशीला स्पॉटलाइट अवर कळत नाय, तिनं पान्हाच सोडला नाही, रेडकू लावून बघितलं, पेंड दाखवली, उभी राहिली तशीच. तासभर तिच्यात गेला, साडेसहाला कट्ट्यावर गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि स्पॉटलाइट अवर पण गेला. तेव्हापासून मंगळवारची जमा भाच्याच्या खात्यावर, माझ्या नाय.

आता वही काय सांगते ते. रेडला सहा पोकेमॉन घेऊन जायचे असतात. दोन मचॅम्प लेव्हल २० वरनं ४० ला न्यायचा खर्च ४ लाख ५० हजार धूळ. सहा मचॅम्प २० वरनं ३० ला न्यायचा खर्च पण ४ लाख ५० हजार धूळ. तेवढ्याच पैशात दोन तगडे आणि मागं चार उपाशी, का सहाच्या सहा धडधाकट? रेडमधल्या टायरानिटारसारख्या दांडग्या पोकेमॉनसमोर दोन ४० वाले पडले की मागनं २० वाले येतात आणि फूंक मारल्यासारखे जातात, मी बघितलंय. हां, कँडी सहाजणांच्या मिळून ३९६ लागतात, ती गोष्ट वेगळी, म्हणून सगळे एकाच जातीचे करू नका, दोन जातीचे तीन-तीन करा. असलं साधं गणित कुठल्या चौकटीत येत नाय.

पावसाचं पण गणित आहे आणि ते कोल्हापूरकरांना फुकट मिळतं. गेममध्ये तुमच्या इथलं खरं हवामान धरतात. पाऊस असला की पाण्याचे, विजेचे आणि किड्यांचे पोकेमॉन जोरात, आणि असल्या हवेत रेडमध्ये पकडलेला २० ऐवजी सरळ २५ चा येतो. ही पाच लेव्हल विकत घ्यायची म्हटली तर ३१ हजार धूळ आणि २८ कँडी. आपल्याकडं जुलैत पाऊस काय असतो ते सांगायला नको, पंचगंगा पात्राबाहेर आणि आम्ही म्हशी वर कुठं हलवायच्या त्या विचारात, पण त्याच दिवसात कायोगरची, म्हणजे पाण्याच्या एका मोठ्या पोकेमॉनची, रेड असेल तर छत्री घेऊन जायचंच. ओळखायचं कसं? गेम लेव्हलचा आकडा सरळ दाखवत नाय, पण पॉवर अपला किती धूळ मागतो ते बघायचं. २५०० मागितले तर रेडचा साधा, ४००० मागितले तर पावसातला. बैलबाजारात दात बघतात तसं हे दात बघणं आहे. पावसाळ्यात पकडलेले कायोगर आम्ही वेगळे ठेवलेत, उन्हातले सगळे सोडून दिले.

आयव्हीचं पण एक खूळ आहे पोरांच्यात. तीन आकडे असतात, शून्य ते १५, सगळे १५ पाहिजेत म्हणून महिनोन्महिने थांबतात, हातात आहेत ते वाढवत नाहीत. मचॅम्पचा मूळ अटॅक २३४, त्यात १५ मिळवले तर २४९, १० मिळवले तर २४४. फरक दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी वर्षभर उपाशी बसणारे मी रंकाळ्यावर बघितलेत, आणि तेच लोक ४० च्या पुढं अडीच लाख ओततात.

आणि शॅडोबद्दल तर कुणीच नीट सांगत नाय. टीम रॉकेटवाल्यांकडनं मिळतो तो काळा जाळ असलेला, त्याला धूळ आणि कँडी २० टक्के जादा लागतात म्हणून पोरं त्याला लांबनंच नमस्कार करतात. पण तो मारतो पण २० टक्के जादा. आता बघा, लेव्हल ३० चा शॅडो मचॅम्प हा लेव्हल ५० च्या साध्या मचॅम्पपेक्षा जोरात मारतो. बसतो पण लवकर, मार जास्त खातो, ते खरं. पण खर्च? रॉकेटच्या साध्या पंटरकडनं मिळतो तो लेव्हल ८ चा असतो, तिथनं ३० पर्यंत न्यायला सगळं जादाचं धरून १ लाख ३६ हजाराच्या आसपास धूळ. साध्याला २० पासून ५० पर्यंत ४ लाख ७५ हजार. मला हे कळायला पाच वर्षं लागली. मी स्वतः किती शॅडो शुद्ध करून टाकले, शुद्ध केला की पॉवर अप १० टक्के स्वस्त होतं म्हणून, स्वस्तात मिळतंय म्हणून म्हाताऱ्या म्हशी घेणाऱ्यातला प्रकार.

दुसरा अटॅक उघडायचा खर्च पण आधी धरायला पाहिजे, तो पॉवर अपच्या बटणाखाली गुपचूप बसलेला असतो. मचॉपसारख्याला ५० हजार धूळ आणि ५० कँडी, कायोगरसारख्या मोठ्याला १ लाख धूळ आणि १०० कँडी. लेव्हल वाढवत बसायचं आणि शेवटी याला धूळ उरत नाय, असं भाच्याचं दोनदा झालंय, ते त्यानंच वहीत लाल पेननं लिहिलंय.

कट्ट्यावर दूध प्यायला येणारे एक काका आहेत, त्यांनी माझी वही बघितली आणि म्हणाले, अरे धूळ ती, खोटी, मोबाइलमधली, तिचा कसला हिशोब करतोस, खऱ्या पैशाचा कर. मी त्यांना उत्तर दिलं नाही कारण गिऱ्हाईक आहेत, ग्लास धुवून दुसरा भरून दिला. पण इथं लिहितो. मी गेममध्ये एक रुपया घातलेला नाय, पण त्या ५० फेऱ्या माझ्याच पायांच्या होत्या, रंकाळ्याच्या कडेनं, उन्हातनं. त्या खोट्या कशा? आणि माझा भाचा, ज्याला शाळेत शेकडेवारी म्हटलं की पोटात दुखायचं, तो आता तोंडपाठ सांगतो की २२ टक्के ७५ हजारात म्हणजे एका टक्क्याला साडेतीन हजाराच्या आसपास, आणि शेवटचे ६ टक्के अडीच लाखात म्हणजे टक्क्याला चाळीस हजाराच्या वर. बाराशे रुपयाचे बूट मागताना पण परवा त्यानं बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, असंच काहीतरी गणित घातलं आणि तिनं मला फोन करून शिव्या दिल्या.

तर माझी मागणी साधी आहे. तुम्ही रोज सोयाबीनचा भाव छापता, मार्केट यार्डातल्या गूळ सौद्याचे आकडे छापता, सोनं-चांदी छापता. रविवारच्या पुरवणीत गेमचं पान काढणारच असाल तर त्यात एवढा एक तक्ता छापा, चार ओळींचा आहे, जागा लागत नाय: २० ते ३० ला ७५ हजार आणि ६६, ३० ते ४० ला दीड लाख आणि १८२, ४० ते ५० ला अडीच लाख आणि २९६ एक्सएल, आणि शेजारी २२, ८, ६ हे टक्के. लकीला निम्मी धूळ, शॅडोला २० टक्के जादा, एवढं खाली बारीक अक्षरात. मग ज्याला ५० ला न्यायचाय त्यानं खुशाल न्यावा, आम्ही सगराच्या म्हशीला नाय का घालत. पण किंमत बघून न्यावा. लेव्हल ५० पर्यंत न्या असलं वाक्य मात्र परत छापू नका, नववीतली पोरं तुमचा पेपर वाचतात, आणि वाचलेलं खरं धरतात.

आणि म्हशीवरनं आठवलं, एक पोकेमॉन आहे बुफलंट म्हणून, अगदी आपल्या रानगव्यासारखा, डोक्यावर केसांचा झुपका. तो न्यूयॉर्कच्या आसपासच मिळतो. कोल्हापुरात नाय. तुमच्या वाचकातलं कुणी तिकडं असेल आणि सुट्टीला इकडं येणार असेल तर एखादा घेऊन यावा, अदलाबदल समोरासमोरच करू, मी कट्ट्यावर रोज संध्याकाळी असतो, दूध माझ्याकडनं.

आपला,
एक दूधवाला वाचक,
गंगावेश, कोल्हापूर

ता.क. भाच्यानं पत्र वाचलं आणि म्हणाला की लकी मचॉपचं पुढं काय झालं ते लिहिलंच नाही. तर त्याचा मचॅम्प झाला, लेव्हल ३० ला आणून ठेवलाय, ४० ला न्यायला आता निम्म्या भावानं ७५ हजार धूळ लागेल, ती आहे. कँडी १८२ पाहिजेत, वहीत ७४ आहेत. भाचा म्हणतो न्यायचा, मी म्हणतो त्या धुळीत पावसातला एक कायोगर २५ वरनं वर काढू. अजून ठरलेलं नाय. धारेची वेळ झाली.